झग्यावरची शेवंड

फॅशनचे एक छायाचित्र हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. शब्दप्रामाण्य, ग्रामपंचायत, ज्ञानेश्वरीतील अद्वैत अशा विषयांच्या रांगेत हा विषय जरा चोरट्यासारखाच येऊन बसला आहे, हे मलाही मान्य आहे. परंतु चित्र कसे वाचावे, आणि वाचता वाचता आपण चित्रात नसलेले किती काही त्याच्या पदरी बांधतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळीत आला आहे. त्या प्रश्नाचा निकाल मोठमोठ्या सिद्धान्तांपेक्षा एखाद्या लहानशा उदाहरणावरच चांगला लागतो. म्हणून आज एकच छायाचित्र घेतले आहे.

छायाचित्र 1937 सालच्या वसंतातले आहे. स्थळ फ्रान्स, तूर शहराजवळचा 'शातो द कांदे' नावाचा जुना वाडा. (नावाला हसू नये; फ्रेंचांना आपला कांदा ठाऊक नाही.) वाड्याच्या बागेत, झाडांच्या पार्श्वभूमीवर, पानांतून झिरपणाऱ्या उन्हात एक चाळिशीची, सडपातळ, काटेकोर केशरचनेची बाई उभी आहे. अंगात पांढरा, घोळदार, पायघोळ झगा. कमरेला गडद पट्टा. आणि झग्याच्या पुढच्या बाजूवर, मांडीपासून जवळजवळ घोळापर्यंत, एक भलीमोठी शेवंड! आसपास कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्स्ली नावाच्या भाजीच्या काही डहाळ्या विखुरलेल्या.

बाईचे नाव वॉलिस सिम्प्सन. छायाचित्रकार सेसिल बीटन. झगा पॅरिसच्या एल्सा स्कियापारेल्ली हिच्या दुकानचा, आणि शेवंडीचे चित्र साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचे. छायाचित्र 'व्होग' या मासिकात छापून आले आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याचा अर्थ लावण्याचे काम थांबलेले नाही.

आता ही बाई कोण, हे थोडक्यात सांगतो. तरुण श्रोत्यांना ते ठाऊक असेलच असे नाही. इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड हा हिच्याशी लग्न करू इच्छीत होता. बाई अमेरिकन, एकदा घटस्फोट घेतलेली आणि दुसऱ्यांदा घेत असलेली. दोन्ही पूर्वपती हयात. इंग्लंडचा राजा हा तिथल्या धर्मपीठाचाही प्रमुख. त्या धर्मपीठाला हे लग्न मान्य होण्याजोगे नव्हते, मंत्रिमंडळालाही नव्हते. 1936 च्या डिसेंबरात एडवर्डने राज्यत्याग केला. पुढच्या वर्षी 12 मे रोजी त्याच्या धाकट्या भावाला राज्याभिषेक झाला, आणि 3 जूनला कांदेच्या वाड्यात एडवर्ड आणि सिम्प्सनबाई यांचे लग्न लागले. आपले छायाचित्र या लग्नाच्या आधी काही दिवसांचे, नव्या नवरीच्या कपड्यांचे दर्शन घडविण्यासाठी काढलेले आहे. लग्नाचा पोशाख वेगळा होता. तो मेनबोशर नावाच्या अमेरिकन शिंप्याने शिवला होता, आणि त्याच्या निळ्या छटेला 'वॉलिस निळा' असे नावच पडले.

म्हणजे ज्या बाईविषयी सारे जग चघळून चघळून बोलत होते, जिने एका राजाला सिंहासनावरून खाली ओढले असे घरोघरी म्हटले जात होते, तिचे हे छायाचित्र. ते काढण्यामागचा हेतू उघड आहे. बीटनला ती मृदू, निर्मळ, थोडी स्वप्नाळू दिसावयास हवी होती. एरवी तिचे कपडे कडक शिवणीचे, कोनाकोनाचे असत. चेहऱ्यावरही एक प्रकारची धार होती. म्हणून बाग, म्हणून झाडे, म्हणून कवडसे, म्हणून पांढरा झगा. पांढरा झगा आणि बाग म्हटली की युरोपीय माणसाच्या डोळ्यांपुढे कुमारिका उभी राहते. इथवर सर्व ठीक. पण मग ती शेवंड कुठून आली?

शेवंडीचा उगम कळण्यासाठी अतिवास्तववाद नावाच्या चळवळीकडे वळावे लागते. 1924 मध्ये पॅरिसला आंद्रे ब्रेताँ या कवीने तिचा जाहीरनामा काढला. फ्रॉइडने स्वप्नांच्या अर्थाविषयीचा आपला ग्रंथ 1900 च्या सुमारास प्रसिद्ध केला होता; जाणिवेच्या खाली नेणिवेचा एक मोठा प्रदेश आहे, आणि तिथे दडपलेल्या वासना स्वप्नात वेषांतर करून वर येतात, हा त्याचा विचार या कवि-चित्रकारांनी उचलला. स्वप्नात जसे आजोबांच्या दिवाणखान्यात अचानक रेल्वेचे इंजिन उभे असते आणि कुणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही, तसे जागेपणी करून दाखवावयाचे. परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन वस्तू शेजारी ठेवावयाच्या आणि त्यांच्या घर्षणातून जी ठिणगी उडेल ती पाहावयाची. आपल्या भारुडांत आणि कूटांतही असंबद्धाची ही मौज आहे; मात्र तिथे उलगडा करून देणारा कुणीतरी अखेरीस भेटतो. अतिवास्तववाद्यांना उलगडा नकोच होता.

दालीने याच सुमारास एक टेलिफोन तयार केला. नेहमीचा काळा टेलिफोन, पण कानाला लावावयाच्या भागावर प्लॅस्टरची शेवंड बसविलेली. बोलणाऱ्याचे तोंड नेमके शेवंडीच्या शेपटीपाशी यावे अशी रचना. दालीच्या मनात शेवंड आणि कामवासना यांची गाठ पक्की बसली होती. वरून टणक कवच, आत मऊ मांस. खावयाचे असेल तर आधी फोडावे लागते. 1939 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात त्याने 'व्हीनसचे स्वप्न' नावाचे दालन उभारले, त्याच्या वेशकल्पनांतही हे खाद्य जलचर आलेच. तेव्हा अशा चित्रकाराची शेवंड नववधूच्या पांढऱ्या झग्यावर, तीही मांड्यांच्या मधोमध, येते, तेव्हा ती निरागस आहे असे म्हणणे कठीण आहे.

स्कियापारेल्लीबाईंविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण या सर्व प्रकरणात मला सर्वांत आवडणारे पात्र तेच. जन्म 1890, रोममधला. वडील अरबी भाषेचे पंडित. लहानपणी आपण कुरूप आहोत असे तिला सतत वाटे. तिचे काका मात्र तिच्या गालावरचे तीळ पाहून म्हणत, 'हे तर सप्तर्षी!' काका ज्योतिषी, म्हणजे पत्रिका पाहणारे नव्हेत, खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे, म्हणून त्यांचे नाव लक्षात ठेवावे: जोव्हानी स्कियापारेल्ली. लग्न मोडल्यावर मुलीला घेऊन एल्सा पॅरिसला आली. शिवणकामाचे रीतसर शिक्षण नव्हते. 1927 मध्ये तिने एक लोकरी स्वेटर केला. त्याच्या विणकामातच गळ्याचा पांढरा बो विणलेला होता. लांबून पाहणाऱ्याला तो खरा वाटे. ही फसवणूक लोकांना फार आवडली. पुढे दालीबरोबर तिने उलट्या बुटाच्या आकाराची टोपी केली, मेजाच्या खणांसारखे खिसे असलेला कोट केला, आणि 1938 मध्ये फाटल्याचा आभास देणारा झगा व हाडांचा सापळा वर उमटलेला काळा झगाही केला. ती कापड विकत होती हे खरे, पण कापडातून थट्टाही करीत होती.

शेवंडीचा झगा ऑर्गंझा नावाच्या पातळ, किंचित ताठ रेशमी कापडाचा आहे. दालीच्या चित्रावरून कापडावर नक्षी उतरविण्याचे काम साश नावाच्या रेशमी कापडांच्या आकृतिकाराने केले. सगळे तयार झाल्यावर दालीला त्यावर खरोखरीचे मेयोनीज, म्हणजे अंड्यातेलाची ती दाट चटणी, शिंपडावयाची होती, आणि स्कियापारेल्लीने ते होऊ दिले नाही, अशी एक आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, ती दालीला शोभते. आणि मला वाटते, अर्थाची किल्लीही तिच्यातच आहे.

ती कशी ते पाहा. आपल्या कोकणपट्टीवरच्या माणसाला शेवंड सांगावी लागत नाही. युरोपातल्या शेवंडीला मोठाल्या नांग्या असतात, आपल्याकडच्या शेवंडीला त्या नसतात, तिच्या मिशाच लांबलचक. एवढा भेद सोडला तर गोष्ट तीच. युरोपातली ही शेवंड समुद्रात असताना लाल नसते. काळसर निळी असते. तिच्या कवचात एक तांबडे रंगद्रव्य असते खरे, परंतु ते एका प्रथिनाशी जखडलेले असल्यामुळे निळे दिसते. उकळत्या पाण्यात प्रथिन मोडते, रंगद्रव्य मोकळे होते आणि शेवंड लालबुंद होते. म्हणजे लाल शेवंड ही शिजवलेली शेवंड! झग्यावरची शेवंड लाल आहे, आणि तिच्याभोवती पार्स्लीच्या डहाळ्या आहेत, ज्या समुद्रात उगवत नाहीत, ताटात शोभेसाठी पेरतात. पांढरा झगा हा समुद्र नव्हे. ती मेजावरची पांढरी चादर आहे, किंवा चिनी मातीचे ताट आहे. दालीला मेयोनीज का हवे होते ते आता ध्यानात येईल. पानात एवढेच वाढावयाचे राहिले होते.

बहुतेक टीकाकार शेवंडीच्या कामुक अर्थापाशी थांबतात. तो अर्थ आहेच. पण मला त्याहून हा पाकशास्त्रीय अर्थ अधिक बोचतो. ही बाई जगापुढे वाढली जात आहे. वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने तिला उकळले होते. आता मासिकाच्या गुळगुळीत पानांवर ती सजवून पुढे येते.

येथे कुणी विचारील, हे सगळे तुमच्या डोक्यातले. सिम्प्सनबाईंच्या डोक्यात यातले काही होते काय? फार योग्य प्रश्न आहे. आणि येथेच काकांची आठवण होते. जोव्हानी स्कियापारेल्ली यांनी 1877 मध्ये मंगळाचे निरीक्षण करताना त्याच्यावर काही रेषा पाहिल्या आणि त्यांना इटालियन भाषेत 'कानाली' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ ओघळ, चर, नैसर्गिक मार्ग असाही होतो. इंग्रजीत त्याचे 'कॅनाल' झाले, म्हणजे खणलेले कालवे. कालवे म्हटले की खणणारे आले, खणणारे म्हटले की मंगळावरची सुधारलेली मनुष्यजात आली, तिची पाणीटंचाई आली. कुणी त्यावर ग्रंथ लिहिले, कुणी कादंबऱ्या. पुढे चांगल्या दुर्बिणी आल्या, याने गेली, तेव्हा कळले की त्या रेषाही बहुतांशी डोळ्यांचा भ्रम होत्या. काकांच्या रेषांचे जे झाले ते पुतणीच्या शेवंडीचे होऊ नये, एवढी सावधगिरी अर्थ लावणाऱ्याने बाळगावयास हवी.

म्हणून मी स्वतःशी एक हिशेब ठेवतो: वस्तूत काय आहे, भोवतालात काय होते, आणि माझ्या मनाने काय घातले. शेवंड लाल आहे, पार्स्ली आहे, जागा मांड्यांची आहे, हे वस्तूत आहे. दालीचा टेलिफोन, त्याचे वेड, बाईभोवतीचे वादळ, हे भोवतालात आहे. ताट आणि वाढणे हे मी जोडले. पण ते पहिल्या दोहोंना टेकून उभे आहे असे मला वाटते. याउलट, 'बाईने मुद्दाम इंग्लंडच्या राजघराण्याला वाकुल्या दाखविल्या' असे विधान जेव्हा कुणी करते, तेव्हा त्याला टेकू कुठला? उन्हाळी कपड्यांवर समुद्रकाठच्या वस्तू काढण्याची पद्धत होतीच. श्रीमंत बाई नामांकित दुकानात गेली, तिला झगा आवडला, तिने घेतला. इतकेही घडलेले असू शकते. आपल्याकडे पैठणीच्या पदरावर मोर असतात, पोपट असतात. नेसणारीच्या मनात त्या वेळी पोपटाचा विचार असतोच असे कोण म्हणेल? पण मोर-पोपट मांगल्याचे म्हणूनच पदरावर आले, हेही खरेच राहते. अर्थ नेसणारीच्या मनात नसला तरी वस्त्रात असू शकतो. नेसणारीला त्याबद्दल जबाबदार धरावयाचे किंवा नाही, हा प्रश्न मात्र वेगळा.

आणि तो प्रश्न वेगळा ठेवण्यात आपण वारंवार चुकतो. झगा काढला दालीने आणि स्कियापारेल्लीने, छायाचित्र काढले बीटनने, छापले मासिकाने. आणि 'निर्लज्ज' ठरली ती अंगात घालणारी. बीटनला कुणी विचारले नाही की बाबा रे, मृदू, निर्मळ प्रतिमा उभी करावयास तू गेलास, तर कपाटातल्या इतक्या कपड्यांतून हाच झगा का निवडू दिलास? याचे उत्तर त्याच्या स्वभावात असावे. त्याला सौंदर्याइतकीच खोडीची आवड होती. 1938 मध्ये 'व्होग'च्याच एका अंकात त्याने आपल्या चित्राच्या कडेला, बारीक अक्षरांत, ज्यूंविषयी हीन शब्द लिहून ठेवले. ते उघडकीला आले आणि त्याची नोकरी गेली. त्याला खोडी म्हणणे म्हणजे सौम्य बोलणे झाले. तो द्वेष होता. पण चित्रात काहीतरी लपवून ठेवण्याची सवय त्याला होती, एवढे यावरून दिसते. शेवंडीच्या बाबतीत त्याचा हेतू काय होता याचा पुरावा यात नाही, हेही लगेच सांगतो; नाही तर मीच कालवे खणू लागलो असे व्हावयाचे.

मी सिम्प्सनबाईंचे वकीलपत्र घेतलेले नाही. लग्नानंतर चारच महिन्यांनी, 1937 च्या ऑक्टोबरात, ती नवऱ्यासह जर्मनीत गेली आणि दोघेही हिटलरला भेटले. त्या दौऱ्याची जुळवाजुळव करणाऱ्यांत शार्ल बेदो हा प्रमुख होता, आणि हाच त्या कांदेच्या वाड्याचा मालक. या बेदोची संपत्ती कशातून आली होती? कारखान्यातल्या मजुराचे काम मिनिटामिनिटाने मोजण्याची एक पद्धत त्याने बसविली होती. ती विकून तो धनाढ्य झाला. ज्या बागेत काळ थांबल्यासारखा वाटतो, ती बाग मजुरांच्या मोजलेल्या मिनिटांवर विकत घेतलेली होती. पुढे महायुद्धात शत्रूशी संगनमत केल्याच्या संशयावरून तो पकडला गेला आणि 1944 मध्ये अमेरिकेत कैदेत असतानाच झोपेच्या गोळ्या घेऊन मेला. छायाचित्रात यातले काहीच दिसत नाही. पण शेवंडीचा अर्थ लावण्यासाठी पानेच्या पाने लिहिणाऱ्यांनी बागेचा अर्थ लावण्याकडे इतके दुर्लक्ष करावे, याचे मला नवल वाटते. शेवंड डोळ्यांत भरते. झाडी कुणाच्या मालकीची हे कुणी पाहत नाही.

आता आपल्या मुंबईशी या गोष्टीचा एक धागा आहे, तो सांगतो. ज्या राजाने या बाईसाठी गादी सोडली, तो युवराज असताना 17 नोव्हेंबर 1921 रोजी मुंबईच्या बंदरात उतरला होता. सरकारने स्वागताची जय्यत तयारी केली होती. राष्ट्रसभेने बहिष्कार पुकारला होता. त्याच दिवशी परळला, एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात, गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. नंतर शहरात दंगल उसळली, माणसे मेली, आणि व्यथित झालेल्या गांधीजींनी उपोषण आरंभिले. त्या दिवशी मुंबईत अंगावर काय आहे यावरून माणसाची बाजू ओळखली जात होती, आणि परदेशी कपडे घालून स्वागताला गेलेल्यांनी त्याचे फळही भोगले. वस्त्राचा अर्थ लावणे हा खेळ नव्हे, याची याहून कडू आठवण मला दुसरी ठाऊक नाही. त्या दिवशी अर्थ लावणाऱ्यांना आपल्या अर्थाविषयी तिळमात्र शंका नव्हती.

असो. छायाचित्राविषयी एक गोष्ट मी आतापर्यंत मागे ठेवली होती. ते कृष्णधवल आहे. ज्या शेवंडीच्या लाल रंगावर मी एवढा इमला उभारला, तो लाल रंग छायाचित्रात नाहीच! तिथे शेवंड करडी दिसते आणि कमरेचा पट्टा नुसता गडद. 'व्होग'चे पान उलटणाऱ्या बाईला ती समुद्रातली की ताटातली, हे रंगावरून सांगता आले नसते. पार्स्लीच्या डहाळ्यांवरून फार तर तर्क करावा लागला असता. म्हणजे एकाच झग्याचे दोन अर्थ झाले म्हणा ना: प्रत्यक्ष पाहणाऱ्याला शिजलेली शेवंड, आणि मासिक वाचणाऱ्याला एक विचित्र, अर्धवट सावलीसारखा प्राणी, जो पांढऱ्या कापडावर कुठून तरी चढून आला आहे. मला विचाराल तर दुसरे रूप अधिक अतिवास्तव आहे. आणि ते दालीने केलेले नाही, स्कियापारेल्लीनेही नाही. ते रंग न टिपणाऱ्या फिल्मने केले.

सिम्प्सनबाई 1986 पर्यंत जगल्या. अखेरची वर्षे पॅरिसच्या घरात, आजारी आणि एकाकी अशी गेली. स्कियापारेल्लीने आपले दुकान 1954 मध्ये बंद केले. त्या नमुन्याचा एक झगा तिने स्वतः 1969 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाला दिला, तो तिथे आहे. जुने रेशीम उजेडाने विरते आणि विटते, म्हणून असली वस्त्रे बहुधा अंधाऱ्या खणात आडवी ठेवतात आणि क्वचितच बाहेर काढतात. तिथे ती शेवंड अजून लाल आहे.